मी पुसलेल्या दोन ओळी

परभणीतल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवतो. सुरुवातीला एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत फॉक्सप्रो हे जुनं सॉफ्टवेअर शिकवायचो, मग कॉलेजात लागलो आणि पंधरा-सोळा वर्षं ‘सी’ ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. ती मला तोंडपाठ होती. पुस्तक न उघडता, हातात नुसता खडू घेऊन मी तासभर बोलायचो आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प ऐकायची. स्टेशन रोडला चहाला थांबलो की एखादा जुना विद्यार्थी गाडी बाजूला लावून ‘सर, ओळखलं का?’ म्हणून जवळ यायचा. त्या ‘सर’ची मला चांगलीच सवय झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ तिथंच कुठंतरी आहे.

एका जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला. सीच्या जागी पायथन आली.

पायथनचं नाव मी ऐकून होतो, पण तिला मी भाषाच मानत नव्हतो. सीमध्ये वाक्य संपलं की अर्धविराम द्यावा लागतो, महिरपी कंस उघडावे लागतात, आठवणीनं मिटावे लागतात, साधा आकडा ठेवायचा तरी तो कोणत्या जातकुळीचा हे अगोदर सांगावं लागतं. पायथनमध्ये यातलं काही नाही. एखादी ओळ थोडी आत सरकवून लिहिली की ती वरच्या ओळीच्या पोटातली झाली, एवढंच. ‘हे तर बालवाडीचं खेळणं आहे,’ असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत म्हणालो होतो. आता तेच खेळणं मला शिकवायचं होतं, आणि ते मला येत नव्हतं.

कुणाला विचारावं तर जीभ उचलेना. माझ्यापेक्षा वयानं लहान दोन सहकाऱ्यांना ते येत होतं, पण त्यांच्यासमोर वही घेऊन बसायची माझी तयारी नव्हती. मग मी वर्गाच्या आठ दिवस पुढे राहून शिकायला लागलो. आज वाचायचं, पुढच्या सोमवारी शिकवायचं. आणि मधे जे उघडं पडेल ते झाकायला गोष्टी सांगायच्या.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर हिरव्या खडूनं अजगर काढला. माझा हात चित्राला बरा आहे. चांगला तीन वेटोळ्यांचा, जीभ बाहेर काढलेला अजगर झाला. म्हणालो, ‘पायथन म्हणजे अजगर. ज्यानं ही भाषा केली त्यानं हेच नाव का ठेवलं असेल? अजगर समोर येईल ते गिळतो. तशी ही भाषा. हिला कसलीही माहिती द्या, ही गिळते आणि पचवते.’ हे मी कुठंही वाचलेलं नव्हतं. खडू फिरवता फिरवता सुचलं होतं. पोरं खूश झाली. दोघातिघांनी चित्राचे फोटो घेतले.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

ती तीस-बत्तीस वर्षांची होती. लग्नामुळे मधेच सुटलेलं शिक्षण तिनं पुन्हा धरलं होतं. ताडकळसहून रोज एसटीनं यायची. नवऱ्याचं तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, एक मुलगी शाळेत जाणारी. तिचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई वारल्यापासून ते लेकीकडेच राहायला आले होते. शिकण्याचा कडवेपणा या बौद्ध घरात मुरलेला होता, हे मला नंतर कळलं. वर्गातली पोरं तिला ताई म्हणत.

‘सर, ते नाव सापावरून न्हाई ना?’ ती म्हणाली. तिचा सूर शंकेचा होता, वाद घालायचा नव्हता.

‘मग कशावरून?’

‘मी वाचलंय सर. ज्यानं केली तो हॉलंडचा माणूस हाय. आधी तो शिकणाऱ्या लोकांसाठीच्या एका सोप्या भाषेवर कामाला होता. मग नाताळाच्या सुट्टीत ऑफिस बंद होतं, हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून त्यानं ही लिहायला घेतली. त्या टायमाला तो इंग्लंडच्या टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचे संवाद वाचायलता. त्या कार्यक्रमाच्या नावातला शब्द उचलला. गमतीनं.’

ती बोलत असतानाच मला कळून चुकलं की हिला माहीत आहे आणि मला नाही. ‘बरं झालं सांगितलंत’ एवढे तीन शब्द तेव्हा पुरले असते. मी म्हणालो, ‘म्हणजे एवढी जगभर चालणारी भाषा एका माणसानं सुट्टीत वेळ जात नाही म्हणून केली, आणि नाव जोकरांवरून ठेवलं?’

‘व्हय सर.’

‘बाई, मोबाईलवर दिसेल ते सगळं खरं मानायचं नसतं.’

वर्ग हसला. ती पण ओशाळं हसली आणि खाली बसली. संध्याकाळी घरी जाऊन मी शोधलं. तिचा शब्दन् शब्द बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि थेट पुढचा धडा सुरू केला. एवढंच नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीसमोर मी पुन्हा तोच अजगर काढला. खोटं आहे हे माहीत असताना काढला.

त्या वर्षात मला ती भाषा थोडी थोडी येऊ लागली, आणि तिचा प्रवास वाचताना मी चकित होत गेलो हेही खरं. आधी लोक तिच्याकडून किरकोळ कामं करून घ्यायचे. फायलींची नावं बदल, इकडची यादी तिकडे ने, एका प्रोग्रामचं दुसऱ्याशी जुळवून दे. घरातल्या हरकाम्या माणसासारखी. मग वेबसाइटवाल्यांनी तिला उचललं. मग शास्त्रज्ञांनी, कारण त्यांना प्रोग्रामर व्हायचं नव्हतं, त्यांना फक्त त्यांचं गणित लवकर सोडवून हवं होतं. आता तर यंत्रांना वाचायला-बोलायला शिकवायचं काम बहुतेक हिच्यातच चालतं. शेतीखात्यातला माझ्या ओळखीचा एक जण कापसाच्या पानांचे फोटो देऊन त्यावरचा रोग हिच्याकडून ओळखून घेत होता. सोपी म्हणून मी जिला हसलो, ती सोपी होती म्हणूनच इतक्या हातांत गेली होती. पण हे मी वर्गात कधी कबूल केलं नाही. वर्गात मी अजून ‘खरी भाषा सीच’ म्हणत होतो.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. बहुतेकांनी नेहमीचेच केले: गुणपत्रिका, ग्रंथालय, मेडिकलची बिलं. एकाचं बघून दुसऱ्यानं. ताईनं मात्र भलतंच काहीतरी आणलं.

तिच्या वडिलांनी नोकरीच्या काळात शब्द गोळा केले होते. जिंतूर, पूर्णा, परभणी, जिथं जिथं बदली झाली तिथल्या लोकांच्या तोंडचे. दस्ती, माळवं म्हणजे भाजीपाला, इस्तू म्हणजे विस्तव, कास्तकार म्हणजे शेतकरी, बयाजवार म्हणजे व्यवस्थित, असे. लांब उभ्या वह्यांमध्ये प्रत्येक शब्दापुढे अर्थ, कोणत्या गावात ऐकला ते, आणि बोलणाऱ्याचं एक आख्खं वाक्य. ‘दस्ती’पुढे रुमाल, आणि खाली ‘घाम पूस की, दस्ती हाय ना खिशात.’ निजामी अंमलातले उर्दू, दखनी शब्द इथल्या मराठीत कसे मिसळून गेले ते त्या वह्यांत पानोपान दिसायचं. ताईनं त्या सगळ्या वह्या स्वतः बसून टाइप केल्या होत्या, आणि त्यांच्यावर चालणारा प्रोग्राम लिहिला होता. शब्द टाकला की अर्थ, गाव आणि वाक्य यायचं. गाव टाकलं की त्या गावचे सगळे शब्द. कोणता शब्द किती गावांत सापडला तेही.

तो प्रोग्राम मी लॅबमध्ये चालवून बघितला. सीमध्ये मराठी अक्षरं हाताळायची म्हटलं तर माझ्या नाकीनऊ आले असते. इथं ती सरळ मराठीत लिहीत होती आणि भाषा निमूट घेत होती. मी एकामागून एक दहा-बारा शब्द टाकून बघितले. मग ‘ठीक आहे’ म्हणालो.

प्रोग्रामच्या अगदी वर तिनं मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की यंत्र ती ओळ सोडून देतं. ती फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असते. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं होतं की यातले शब्द माझ्या वडिलांनी गोळा केलेले आहेत, आणि त्यांचं नाव. दुसऱ्या ओळीत, प्रोग्राम मी लिहिला, आणि तिचं नाव.

फेब्रुवारीत आमच्याकडे जिल्ह्यातल्या शिक्षकांचा एक मेळावा होता. विषय होता मराठी आणि संगणक. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘सर, तुमचा विभाग, तुम्हीच काहीतरी दाखवा. इतकी वर्षं शिकवताय.’ माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी असं काहीच केलं नव्हतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं. मी म्हणालो, ‘दाखवतो. बोलीच्या शब्दकोशाचं काम चालू आहे.’

कुणाचं काम, ते मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

ताईला मी सांगितलं, ‘आपला प्रकल्प मेळाव्यात दाखवायचा आहे.’ तिचा चेहरा उजळला. म्हणाली, ‘सर, आमच्या वडिलांना, अण्णांना आणू का? त्यांना लय आनंद होईल.’ मी ‘आणा की’ म्हणालो. ‘आपला’ हा शब्द मी फार विचार करून वापरला होता. त्यात ती होती, आणि वेळ आली तर नव्हती.

मेळाव्याच्या सकाळी लॅबमध्ये एकटा बसून मी तिचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि वरच्या त्या दोन ओळी निवडून पुसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर नावं दिसली तर लोक विचारतील, एवढंच मनात होतं. पुसून झाल्यावर प्रोग्राम चालवून पाहिला. त्याला काहीच फरक पडला नाही.

हॉल भरला होता. पहिल्या स्लाइडवर माझं नाव, पदवी, अनुभव. मी बोललो चांगला, ते मला येतंच. शब्द टाकून दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई चौथ्या रांगेत कडेला बसली होती. शेजारी पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले उंच म्हातारे गृहस्थ, मांडीवर कापडी पिशवी. मी त्या बाजूला बघायचं टाळत होतो. शेवटच्या स्लाइडवर ‘सहकार्याबद्दल सर्व विद्यार्थ्यांचे आभार’ असं होतं. सर्व विद्यार्थी. नाव कुणाचंच नाही.

मग प्रश्न झाले. नांदेडकडून आलेल्या मराठीच्या एका प्राध्यापक बाई उठल्या. ‘सर, एक शंका. तुमच्या यादीत कवाड आधी आलंय आणि कळशी नंतर. आपल्या मुळाक्षरांत ळ हा ह च्याही नंतर येतो, म्हणून हे बरोबर आहे. पण संगणक ळ ला ल च्या शेजारी बसवतो, त्याच्या हिशोबानं कळशी आधी यायला पाहिजे. हे तुम्ही कसं साधलंत?’

मला माहीत नव्हतं. असा काही प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं. मी लॅपटॉपकडे पाहिलं, जणू काही शोधतोय. प्रोग्राम मी चालवला होता, नीट वाचलाच नव्हता. ‘त्याचं असं आहे,’ म्हणालो आणि पुढे शब्दच सुचेना.

तेव्हा ताई उठली. मला वाटलं, आता संपलं. आणि खरं सांगतो, एका क्षणी वाटलं की संपावंच.

ती म्हणाली, ‘मॅडम, सरांनी आपल्या मुळाक्षरांची एक वेगळी यादी करून ठेवलीय प्रोग्राममधी. अ पासून ज्ञ पर्यंत, शाळेत शिकवतात तशी. शब्द लावताना तो संगणकाचा क्रम न्हाई बघत, त्या यादीतला बघतो.’

‘वा! सुंदर,’ बाई म्हणाल्या, माझ्याकडे बघून. टाळ्या झाल्या. मी मान हलवली. मी मान हलवली, हे मला इथं दोनदा लिहावंसं वाटतं.

नंतर शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र घेऊन खाली आलो तर ते दोघं दाराशी उभे होते. टाळता येईना. म्हाताऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, ‘सर, लय मोठं काम केलं तुमी. आमच्या वह्यांना कोण विचारत होतं? आणि आमच्या लेकीला शिकवलं, ते उपकार निराळेच.’ ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ताई जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, ‘अहो, माझं काय त्यात,’ आणि जगात एवढं खरं वाक्य इतक्या खोट्या आवाजात कुणी बोललं नसेल.

प्रकल्पाला मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. ते तिचेच होते, पण देताना लाच दिल्यासारखं वाटलं. निकाल लागला, ती गेली. माझं कपाटात ठेवलेलं सन्मानपत्र मी पुन्हा बाहेर काढलं नाही, आणि कुणाला काही सांगितलंही नाही. वर्ष उलटलं. मनाला रोज एक नवी सबब मिळायची: मार्गदर्शक तर मीच होतो, तिनं स्वतःच माझं नाव घेतलं, आता जुनं उकरून काय मिळणार.

मग नांदेडच्या त्याच बाईंचा फोन आला. काही जण मिळून जिल्ह्याजिल्ह्यातल्या बोलींचे शब्द आणि वाक्यं गोळा करत होते, यंत्रांना नुसती पुस्तकी मराठी न शिकवता लोकांची मराठीही शिकवता यावी म्हणून. बाई म्हणाल्या, ‘तुमचा प्रोग्राम आणि त्यातले शब्द आम्हाला फार उपयोगी पडतील. तुम्ही आमच्यासोबत काम कराल का? तुमच्यासारखं बोली जपणारं माणूस संगणकवाल्यांत सापडत नाही.’

‘दोन दिवसांनी कळवतो,’ असं सांगून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताडकळसची बस धरली. बाजाराचा दिवस होता, बसमध्ये भाजीच्या पाट्या आणि माणसं खच्चून भरलेली. उतरून मोबाईलच्या दुकानात घर विचारलं. तिच्या नवऱ्यानंच दुकान शेजाऱ्यावर सोपवून मला घरापर्यंत आणून सोडलं आणि परत गेला. ओट्यावर अण्णा पेपर वाचत होते. लगबगीनं उठले. ‘अगं, सर आलेत!’

ताई गावातल्या एका शाळेत संगणक शिकवायला लागली होती; नुकतीच परतली होती. आतल्या भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली फडताळात त्याच लांब वह्या. मी बसलोच नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. दोन ओळी पुसल्या ते, ‘आपला’ म्हणालो ते, वर्षभर गप्प बसलो ते. म्हाताऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं हे सांगता सांगता लक्षात आलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. आपण नुसत्या वह्या टाइप केल्या, प्रोग्राम सरांचा, असंच तिनं त्यांना वर्षभर वाटू दिलं होतं.

‘बसा सर,’ ती म्हणाली. ‘चहा टाकते.’

‘चहा नको. तुम्ही काहीतरी बोला.’

ती थांबली. म्हणाली, ‘प्रोग्रामचं वाईट वाटलं सर. न्हाई कशाला म्हणू? त्या दिवशी उठले ते तुमच्यासाठी न्हाई. अण्णा बाजूला बसले होते. त्यांचे शब्द, आणि सांगणारा गप्प उभा. ते मला बघवेना.’ मग म्हणाली, ‘पण मला त्याच्यापेक्षा दुसरंच लागलेलं हाय. ते तुमी काढलंच न्हाई.’

‘कोणतं?’

‘आठवत न्हाई तुम्हाला?’

मी आठवायचा प्रयत्न केला. अजगराचा तास म्हणालो. तिनं नकारार्थी मान हलवली.

‘लॅबमधी मी म्हणले, सर, प्रोग्राम चालायलाय. तुमी म्हणले, चालायलाय न्हाई, चालतो आहे. म्हणा. मी म्हणले. तुमी म्हणले, पुन्हा. तीनदा म्हणायला लावलं, सगळी पोरं बघायलती. मी लेकराची माय हाय सर. त्यानंतर मी बसमधी बसून वाक्यं जुळवून घ्यायची, सरांपुढं असं बोलायचं, तसं बोलायचं. मग नकोच म्हणून बोलणंच कमी केलं.’

मला ते आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. इतक्या जणांना, इतक्या वेळा मी हे केलं असणार की त्यातली एक वेळ वेगळी राहिली नव्हती. चोरी मला वर्षभर टोचत होती. हे टोचलंही नव्हतं. तिच्या मूल्यमापनाच्या कागदावर मी ‘हुशार, पण अबोल’ असा शेरा मारला होता, तो मात्र स्वच्छ आठवला.

मग अण्णाच बोलले. ‘सर, मी काय सांगू तुम्हाला. नोकरीची पहिली दोन वर्षं मीबी तेच केलं. पोरगं दस्ती म्हणलं की छडी. रुमाल म्हण. जिंतूरकडच्या एका गावात एक पोरगी होती, लय चुणचुणीत. रोज मार खायची, एक दिवस यायचीच बंद झाली. घरी गेलो तर तिची माय म्हणाली, गुरुजी, मला बोलता येत न्हाई म्हणती ती, मग शिकून काय करायचं? त्या दिवशी वही घेतली विकत. तिचेच शब्द पहिल्या पानावर हायेत.’

‘ती पुन्हा शाळेत आली?’ मी विचारलं.

‘न्हाई.’

चहा आला. मी घेतला. तिथूनच बाईंना फोन लावला आणि दोघांसमोर सांगितलं की तो प्रोग्राम माझा नाही, मेळाव्यात मी खोटं दाखवलं, आणि खरं काम ज्यांचं आहे त्या इथं आहेत. पलीकडून बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, ‘त्यांना द्या.’ त्या माझ्याशी नंतर कधी बोलल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

परत आल्यावर प्राचार्यांना लेखी दिलं. ते म्हणाले, ‘सर, झालं गेलं. कशाला वाढवता? कॉलेजचंही नाव आहे.’ कागद त्यांनी खणात ठेवला. म्हणून मी वर्गात सांगितलं. अजगर खोटा होता इथपासून सगळं, चाळीस पोरापोरींसमोर. वाटलं होतं कुणी हसेल, कुणी कुजबुजेल. कुणीच काही केलं नाही. पोरं मान खाली घालून बसली, जणू लाज त्यांनाच वाटत होती. तास संपल्यावर एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘सर, मग आता आमी लॅबमधी कसं बी बोललं तर चालंल का?’ मी ‘हो’ म्हणालो. तिचा विश्वास बसल्यासारखा दिसला नाही.

ताई आता त्या गटासोबत घरूनच काम करते, शाळा सांभाळून. वह्या सगळ्या त्यांच्या संग्रहात गेल्या, वर अण्णांचं नाव, खाली तिचं. मला तिनं कधी फोन केला नव्हता. एकदा केला. कामाचं बोलावं तसं बोलली. ‘सर, जिंतूरच्या खालच्या अंगाच्या गावांतले शब्द कमी पडायलेत. अण्णा म्हणायलेत, त्या दिवशी चहा घेताना तुमी म्हणले होते, तुमच्या आईचं माहेर तिकडचंच ना? घरून काही मिळतंय का बघा.’

आई माझ्याकडेच असते. वय झालंय, पण कान, डोळे ठीक आहेत. वडील कारकून होते, घरात बोलणं साफसूफ लागायचं. आई मात्र लग्न होऊन आली तेव्हा माहेरचंच बोलायची. वही घेऊन मी दुपारी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, ‘आई, तू माहेरी बोलायचीस ना, ते शब्द सांग मला. लिहून घ्यायचेत.’

‘कसले शब्द?’

‘जुने. तुमच्या गावाकडचे.’

तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘मला कुठं नीट बोलता येतं? तूच म्हणायचास ना शाळेत असताना, मित्र आले की तू बाहेर बोलत येऊ नकोस म्हणून.’

हे ती अगदी शुद्ध मराठीत म्हणाली. तिच्या तोंडी दुसरी मराठी मी कितीतरी वर्षांत ऐकलीच नव्हती, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी म्हणालो, ‘लहान होतो गं.’ ती ‘असू दे’ म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानंतर रोज थोडा वेळ बसतो. विचारलं की तिला काही आठवत नाही. पण सकाळी शेजारच्या काकू येतात, त्याही तिकडच्याच. दोघी मागच्या दारी भाजी निवडत बसतात, आणि मी कॉलेजला गेलोय असं आईला वाटत असतं. तेव्हा ती बोलते. मी आतल्या खोलीत दाराआड खुर्ची ओढून बसतो आणि आवाज न करता लिहून घेतो. आतापर्यंत अकरा शब्द झालेत.